सेबूच्या बाकड्यावरची पंगत

फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. त्याच्या मधल्या भागात सेबू नावाचे लांबट, चिंचोळे बेट आहे. शेजारच्याच मॅक्टन बेटावर २७ एप्रिल १५२१ रोजी लापुलापु या सरदाराच्या माणसांनी मॅगेलनला ठार केले. परक्यापुढे मान न तुकवणाऱ्या लोकांची ही भूमी पाहावी म्हणून आम्ही गेलो. परतल्यावर मात्र सर्वांत जास्त बोललो ते तिथल्या जेवणाविषयी.

पाहुण्यांना प्रथम खिलवतात ते 'लेचोन'. अख्ख्या डुकराच्या पोटात गवती चहा, लसूण, कांद्याची पात भरायची आणि बांबूला लावून निखाऱ्यावर तासन् तास फिरवत भाजायचे. वरचे कातडे तांबूस, कुरकुरीत होते. पण हे सणावाराचे, पैशाचे जेवण. रोजचे जेवण पाहायला आम्ही कार्बन मार्केटच्या गल्ल्यांत शिरलो.

टपऱ्यांवर झावळीच्या पात्यांच्या विणलेल्या, मुठीएवढ्या पुड्या घोसाने टांगलेल्या होत्या. हा 'पुसो'. विणलेल्या पुडीत तांदूळ भरून ती पाण्यात उकळतात. आत भाताचा घट्ट गोळा तयार होतो. पुडी चिरायची आणि हातात धरून खायची. ताटाची गरज नाही.

पण भात सर्वांच्या नशिबी नव्हता. सेबूची जमीन डोंगराळ, चुनखडीची. पाणी धरत नाही. स्पॅनिश राजवटीत अमेरिकेतून मका आला आणि तोच गरिबाचा घास झाला. पांढऱ्या मक्याच्या कण्या भातासारख्या शिजवतात. सोबत शेवग्याचा पाला घातलेले पातळ 'उतान', नाहीतर मिठात मुरवलेल्या बारीक मासळीचे 'गिनामोस'. कण्या म्हटल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. भात फक्त सणाला शिजे, अशाच घरांत आम्हीही वाढलो.

खरी गंमत पुढे होती. ठेंगणे टेबल, भोवती बुटकी बाकडी, मधे तळलेल्या पदार्थांचे डबे. याला 'पुंगको-पुंगको' म्हणतात. पुंगको म्हणजे बसणे. हाताला प्लास्टिकची पिशवी चढवायची, हवे ते उचलायचे, मिरची घातलेल्या आंबट शिरक्यात बुडवायचे आणि पुसोबरोबर खायचे. एका डब्यात 'गिनाबोत' होते, म्हणजे डुकराची तळलेली आतडी. थोडक्यात, आपली वजडीच! आमच्या एका बाजूला घामेजलेला हमाल, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या कपड्यातला कारकून. कोणी कोणाला काही विचारले नाही. उठताना ज्याने त्याने काय खाल्ले ते सांगितले, बाईने हिशेब केला, पैसे घेतले.

सेबूत गरिबी नाही असे मुळीच नाही. मक्याकडे कमीपणाने पाहणारे तिथेही आहेत. पण आतडी खाल्ली म्हणून कोणी बाटत नाही, शेजारी बसलेला उठून जात नाही. आपल्याकडे याच खाण्यावरून माणसाची जात हुडकली गेली.

महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे आणि उष्टे-शिळे मागणे सोडायला सांगितले. लाचारीचा घास सोडा, हा त्याचा अर्थ. स्वकष्टाच्या पैशाने आणलेल्या, आईने चुलीवर रांधलेल्या घासाची लाज बाळगा, असा अर्थ त्यातून कोणीही काढू नये. आज आमच्याच वस्तीतली शिकलेली मुले मित्र घरी येणार म्हटले की विचारतात, "आई, आज वजडी नको ना करू?" आई बिचारी गप्प बसते आणि पनीर आणते.

वाचकहो, परत आल्यावरच्या पहिल्याच रविवारी आम्ही वजडी केली. या वेळी दार-खिडक्या उघड्या ठेवल्या. मुलांच्या मित्रांनाही बोलावले. दोघे आले. एकाने दुसऱ्यांदा वाढून घेतले.