गोड शेवटाचा अपराध

श्रावणातल्या कहाण्यांचा एक दंडक असतो. कहाणीतल्या माणसांनी मध्यंतरी कितीही हालअपेष्टा भोगल्या तरी शेवट सुफळ संपूर्णच व्हावयाचा. संस्कृत नाटककारांचा नियमही याहून फारसा वेगळा नव्हता. तेव्हा एखादी कादंबरी केवळ तिचा शेवट गोड आहे म्हणून सत्तावन्न वर्षे हस्तलिखितातच पडून राहिली असे कोणी सांगितले, तर आमच्या लोकांस ते सहसा खरे वाटणार नाही. पण ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'मॉरिस' या कादंबरीचे नेमके असेच झाले. आणि तिच्यावरून जेम्स आयव्हरी यांनी १९८७ साली काढलेला त्याच नावाचा बोलपट नुकताच पुन्हा पाहिल्यापासून हा गोड शेवट आमच्या मनातून जात नाही.

फॉर्स्टर आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत ते 'ए पॅसेज टु इंडिया'मुळे. ती कादंबरी १९२४ ची. 'मॉरिस' तिच्याही आधीची. १९१३ साली फॉर्स्टर हे एडवर्ड कार्पेंटर या विचारवंतास भेटावयास गेले. कार्पेंटर हे जॉर्ज मेरिल नावाच्या कामकरी वर्गातील एका पुरुषासह उघडपणे बिऱ्हाड करून राहत असत. जे आपल्याला चोरून, लाजून मनात बाळगावे लागते ते येथे चुलीपाशी, भाजीच्या वाफ्यापाशी सुखाने नांदत आहे, हे पाहून आलेल्या फॉर्स्टरनी घरी येऊन लेखणी हाती घेतली, आणि पुढल्या वर्षी कादंबरी पुरी झाली. मात्र ती छापण्याची सोय नव्हती. १८८५ च्या इंग्रजी कायद्याने पुरुषापुरुषांतील असा संबंध, मग तो चार भिंतींच्या आत का असेना, गुन्हा ठरविला होता. ऑस्कर वाइल्ड यांस १८९५ साली त्याच कायद्याखाली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. इंग्लंडात तो कायदा सैल झाला १९६७ साली. फॉर्स्टर वारले १९७० साली, आणि 'मॉरिस' प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये.

१९६० साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी या कादंबरीस एक टिपण जोडले. त्यातला एक विचार असा की, आपल्या नायकांनी अखेर गळफास घेतला असता तर पुस्तक छापावयास तितकी अडचण पडली नसती. ते सुखी होतात हीच खरी पंचाईत. आम्हांस हे वाक्चातुर्य वाटत नाही. अशा माणसांविषयी समाजाच्या ठायी दया नसते असे नाही. पण ती दया प्रेताला वाहिलेल्या फुलांसारखी असते. माणूस मेला की ती मिळते. आपल्या सोसायटीत, आपल्याच जिन्यावर तो सुखाने राहू लागला, की आटते.

बोलपटाची कथा थोडक्यात अशी. मॉरिस हॉल हा लंडनच्या उपनगरातील खात्यापित्या घरचा मुलगा. १९०९ च्या सुमारास केंब्रिजमध्ये त्याची क्लाइव्ह डरहॅम या जमीनदाराच्या मुलाशी मैत्री होते. प्रेमाची कबुली प्रथम देतो तो क्लाइव्ह, आणि मॉरिस त्याला झिडकारतो. मग रात्री खिडकीतून चढून त्याच्या खोलीत जातो. क्लाइव्हला हे प्रेम प्लेटोच्या ग्रंथांतल्याप्रमाणे निर्मळ, देहाला न शिवणारे हवे असते. पुढे तो लग्न करतो, राजकारणात शिरतो. एकट्या पडलेल्या मॉरिसच्या आयुष्यात क्लाइव्हच्याच वाडीवरचा शिकारखात्यातला एक तरुण नोकर, ॲलेक स्कडर, येतो. पोशाख, दिवाणखाने, हिरवळी, सारे आयव्हरींच्या लौकिकास साजेसे आहे. जेम्स विल्बी व ह्यू ग्रँट यांस त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक विभागून मिळाले, ते योग्यच होते.

आम्ही शिक्षक, म्हणून की काय, आमचे लक्ष केंब्रिजच्या एका लहानशा प्रसंगाकडे पुनःपुन्हा जाते. विद्यार्थी ग्रीक उताऱ्याचे तोंडी भाषांतर करीत आहेत. ग्रीकांच्या त्या विशिष्ट प्रेमाचा उल्लेख येताच प्राध्यापक शांतपणे सांगतात की, तेवढा भाग वगळा. कोणी दचकत नाही. भाषांतर पुढे चालू होते. ही रीत आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल? 'कुमारसंभवा'चे पुस्तक सातव्या सर्गाशी मिटणाऱ्या पंतोजींची परंपरा मोठी आहे. आठवा सर्ग वगळल्याने मुलांचे फार बिघडत नाही. तो ती घरी वाचतात. पण त्या ग्रीक वर्गात बसलेल्या दोघा मुलांना कळले ते हे की, जगातील साऱ्या पुस्तकांतून आपले पान अगोदरच फाडून ठेवलेले आहे.

फॉर्स्टरचे खरे धाडस आम्हांस वाटते ते नायकाच्या निवडीत. बुद्धिमान, वाचलेला, बोलका आहे तो क्लाइव्ह. मॉरिस म्हणजे सामान्य मनुष्य, दलालीच्या धंद्यातला, थोडा मठ्ठ, नोकरमाणसांवर खेकसणारा. दुसऱ्या कोणा लेखकाने आत्मज्ञानाचा मान क्लाइव्हला दिला असता. येथे उलट आहे. क्लाइव्हपाशी शब्द आहेत, म्हणून त्याला पळवाटाही सापडतात. मॉरिसपाशी शब्द नाहीत. एकदा जे कळले ते त्याला नाकळले करता येत नाही. कादंबरीत क्लाइव्ह ग्रीसच्या प्रवासात बदलतो, आणि तो बदल काहीसा अधांतरी वाटतो. बोलपटात आयव्हरींनी नवा प्रसंग घातला आहे: केंब्रिजमधील रिस्ली या मित्रास अशाच गुन्ह्याखाली शिक्षा होते, आणि क्लाइव्ह भेदरतो. मूळ ग्रंथात ढवळाढवळ आम्हांस एरवी रुचत नाही, पण येथे बोलपट कादंबरीच्या पुढे गेला आहे. भय हे वैराग्याचा वेष घेऊन येते, ते त्या प्रसंगाने उघडे पडले.

मॉरिस इलाज शोधीत प्रथम घराच्या जुन्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर ऐकून घेत नाहीत. हे सारे थोतांड आहे, असे बजावतात. मग तो संमोहनविद्या जाणणाऱ्या वैद्याकडे जातो. तो निदान माणसासारखा बोलतो, आणि उपाय चालेना तेव्हा फ्रान्स किंवा इटलीत जाऊन राहा, तेथे हा गुन्हा नाही, असा सल्ला देतो. आपल्याकडील ३७७ वे कलम इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातले. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरविले. त्याच वर्षी देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही समलिंगी प्रेम हा आजार नव्हे असे जाहीर केले. म्हणजे न्यायाधीश आणि वैद्य दोघेही बाजूस झाले. उरले घर.

घराचा अनुभव आम्हांस आमच्याच दिवाणखान्यात आला. एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटावयास आले. सज्जन, वाचणारे गृहस्थ. मुलाने त्यांस सर्व स्पष्ट सांगितले होते, आणि त्यांनी ते ऐकूनही घेतले होते. "सर, तो तुमचे ऐकतो. तुम्ही दोन शब्द सांगा. एकदा लग्न झाले म्हणजे येईल ताळ्यावर." आम्ही विचारले, "आणि मुलगी कोणाची आणणार?" ते बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्हांला मुलगा नाही, सर." हे खरे आहे; आम्हांस दोन मुलीच आहेत. त्या मुलींकडे पाहूनच आम्ही तो प्रश्न विचारला होता. त्यानंतर ते गृहस्थ आमच्याकडे आलेले नाहीत.

मॉरिस व ॲलेक यांच्यातील मालक-नोकराचे नाते मात्र फॉर्स्टरांनी फार सहज पुसून टाकले आहे, असा आमचा आक्षेप आहे. खुद्द त्यांच्या चरित्रात ते इतके सहज पुसले गेले नाही. १९२१ साली ते थोरल्या पातीच्या देवासच्या मराठी दरबारात तुकोजीराव पवार महाराजांचे खासगी चिटणीस होते. तेथे त्यांनी महाराजांपाशी आपले मन उघडे केले. महाराजांनी त्यांस दूर लोटले नाही, उलट सांभाळून घेतले. परंतु राजवाड्यातील एका नोकराशी त्यांचे जे वर्तन घडले, आणि जे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, त्यात प्रेमापेक्षा साहेबाचा अधिकारच जास्त दिसतो. ते टिपण १९८३ साली छापून आले. ते वाचून मन खिन्न होते. बोलपटात ब्रिटिश म्युझियममधील भेटीत मॉरिस व ॲलेक एकमेकांस धमक्या देतात, भितात, आणि मग निवळतात. बरोबरीचे नाते कसे मिळवावे लागते हे तेवढ्या प्रसंगात दिसते. आम्हांस ते याहून अधिक हवे होते.

या बोलपटाचे निर्माते इस्माईल मर्चंट हे मुंबईचे, सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. आयव्हरी आणि ते चाळीसांहून अधिक वर्षे केवळ धंद्यातच नव्हे, तर संसारातही जोडीदार होते. मर्चंट २००५ साली वारले. हे नाते आयव्हरींनी उघडपणे सांगितले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि मर्चंट यांचे मुंबईतील घराणे सनातनी वळणाचे, म्हणून आपण बोललो नाही, असे त्याचे कारण दिले. ज्यांनी मॉरिसला इतक्या उजेडात आणून उभे केले त्यांच्या स्वतःच्या घरातला दिवा मात्र असा आडोशाला होता. यास आम्ही भ्याडपणा म्हणणार नाही. आई-बहिणींचे तोंड राखावे असे ज्यास वाटले त्यास काय म्हणावे?

शेवटी ॲलेक अर्जेंटिनाची बोट सोडून देतो. तो आणि मॉरिस होडीघरात भेटतात. हा शेवट भाबडा आहे, अशी टीका होते. होतीही असेल, १९१४ च्या युद्धात अशा दोन तरुणांचे काय झाले असते हे फॉर्स्टरही जाणून होते. पण बोलपट होडीघरात संपत नाही. तो संपतो क्लाइव्हच्या वाड्यात. क्लाइव्ह एकेक करून खिडक्यांची दारे लावीत जातो. बाहेर अंधारात पाहताना त्याला केंब्रिजच्या उन्हातून हात हलवून बोलावणारा मॉरिस दिसतो. जवळ त्याची पत्नी ॲन आहे, प्रेमळ, निःशंक.

आमच्या सौभाग्यवतींनी संपूर्ण बोलपट मुकाट्याने पाहिला होता. पडद्यावर नावे सरकू लागली तरी त्या उठल्या नाहीत. "हिला कोणी काही सांगणारच नाही का?" एवढेच त्या म्हणाल्या. बोलपटात सांगत नाही. कादंबरीतही नाही, तेथे क्लाइव्ह घरात परततो तो हे प्रकरण पत्नीपासून कसे झाकावे, याचा विचार करीतच.