ज्याच्या त्याच्या घरचा नाताळ

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये नाताळ ठरलेल्या वेशात येतो. वांद्र्याची रोषणाई, प्लम केकची कृती, लाल टोपीतला सांता. हे चित्र खोटं नाही, पण ते बाजारपेठेतलं आहे. त्यावरून वाचकाची समजूत अशी होते की नाताळ हा बाहेरून आलेला, एकाच साच्याचा सण आहे आणि इथले ख्रिस्ती लोक तो होता तसा उचलून पाळतात. ही समजूत मला मुळातूनच चुकीची वाटते. चर्चमधली उपासना सगळ्यांना एकत्र आणते हे खरं, पण हा सण महाराष्ट्रात आणि गोव्यात रुजला तो घराघरांतून, आणि प्रत्येक घराने तो आपापल्या परीने केला म्हणूनच रुजला. घरची रीत काढून टाकली तर उरणारा नाताळ इथल्या माणसाचा राहील का, याची मला शंका आहे.

वसईचं उदाहरण घ्या. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत इथे ख्रिस्ती धर्म आला तो सत्तेच्या आधाराने. सत्ता गेल्यावर हा आधार सुटला, तरी गावं ख्रिस्तीच राहिली. शेती-बागायत करणारी, सामवेदी म्हणजे कादोडी आणि वाडवळी बोलणारी ही माणसं. त्यांच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, भाषा पुढेही शतकानुशतकं लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिल्यानंतरच मराठी मिस्सा रूढ झाली. म्हणजे तोवर मध्यरात्रीच्या मिस्सेतले बहुतेक शब्द समोर गुडघे टेकून बसलेल्या माणसाला कळत नव्हते. त्याला कळणारा नाताळ होता तो घरी आल्यावरचा: आपल्या बोलीतलं बोलणं, आपल्या चुलीवरचं रांधणं, कपाटातून काढलेलं तांबडं लुगडं आणि दागिने, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाणं-येणं. वसईचा नाताळ पोर्तुगीजांनंतरही तग धरून राहिला त्याचं श्रेय फादर आणि बिशप यांना द्यावं तेवढंच या घरांनाही द्यायला हवं. आज कादोडीत नाताळगीतं गायली जातात, ती काही आकाशातून पडलेली नाहीत.

नगरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचं ठाणं झालं. ही मंडळी न्यू इंग्लंडच्या कॉंग्रिगेशनल परंपरेतली होती. त्या परंपरेचे पूर्वज प्युरिटन, आणि त्यांना नाताळाचा तिटकारा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि नाताळची अधिकृत सुट्टी तिथे १८५६ साली मिळाली. ज्यांच्या घराण्यातच नाताळाचा थाट नव्हता ते इथल्या लोकांना तो थाट शिकवणार कसे? मग नगर-सोलापूरकडच्या मराठी प्रोटेस्टंट घरांमध्ये नाताळ भरला कशाने, तर हाताशी होतं त्याने. करंजी, चकली, शंकरपाळी, चिवडा, दारात रांगोळी, वर चांदणीचा आकाशकंदील. टाळ-पेटीवर भजन, आणि ख्रिस्तजन्माचं आख्यान लावणारं कीर्तन. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची पदं या घरांत आणि चर्चमध्ये इतकी मुरली की ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाताशी नसलं तरी अडत नाही. इथे मध्यरात्रीची मिस्सा नाही, डुकराच्या मांसाचं सोरपोतेल नाही, वाइन तर बहुतेक घरांत वर्ज्यच. वसईकर आणि नगरकर समोरासमोर बसवले तर येशूच्या जन्माखेरीज त्यांच्या नाताळात समान असं फार थोडं सापडेल. दोघांनीही सण मात्र चोख केलेला असतो.

आता गोव्यातल्या आणि मुंबईच्या गावठाणांतल्या स्वयंपाकघरात जरा रेंगाळू, कारण पुरावा तिथे शिजतो. गोव्यात नाताळच्या आधी कलकलं करायला घर एकत्र बसतं. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या तेल लावलेल्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने पुढे सरकवत गुंडाळायची. शिंपल्यासारख्या रेघा उठतात, मग ती तळायची आणि पाकात घोळवायची. काटा नसेल तर नवी कोरी फणी चालते. हे काम लहान पोरालाही जमतं, आणि त्याची वेडीवाकडी गोळी टाकून देत नाहीत. बेबिंकाचं तसं नाही. एक थर ओतायचा, वरून विस्तवाची धग द्यायची, तो तांबूस झाला की तूप सोडून दुसरा, मग तिसरा. एक थर घाईने ओतला की सगळं बिघडलं. नेवऱ्यो, तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाचा रस आटवून केलेलं दोदोल, पेरूची पेराद, असं सगळं ताटात रचून कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, म्हणून शेजाऱ्यांकडे जातं, त्यात हिंदू शेजारीही आले. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला तिथे गोडाधोडाची कढई चढत नाही. हिंदू घरांत मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवाळीला असतं तसंच. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळची तयारी तर उन्हाळ्यातच सुरू होते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ साली, या समाजाने स्वतःला हे इंग्रजी नाव घेतलं, पण घरात मराठीचीच एक बोली ठेवली. मिरच्या आणि कितीतरी जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला हा त्यांच्या वर्षाचा ठेवा. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं, आणि ते सहसा सांगितलं जात नाही. डिसेंबरात त्यातलाच मसाला कालवणात पडतो आणि सोबतीला गरम फुगिया, म्हणजे तळलेले फुगीर पाव, येतात. तेव्हा नाताळाच्या पानात पुढे येते ती खरं तर त्या घराची मे महिन्यातली मेहनत.

यावर पहिला आक्षेप धर्मनिष्ठांकडून येतो: खाणंपिणं आणि रांगोळ्या म्हणजे धर्म नव्हे, उलट हे जुन्या रूढींचे अवशेष आहेत, ते गळून पडले तर बरंच. हा आक्षेप नवा नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली नेमका हाच विचार करून हुकूम काढला होता. लग्नातली गाणी, विड्याची पानं, धोतर आणि चोळी, अंगणातली तुळस, इतकंच काय पण बिनमिठाचा भात शिजवण्यावरही बंदी घातली. इन्क्विझिशन १८१२ साली संपलं. नारळ, गूळ आणि नेवऱ्यो अजून आहेत. माणसाच्या जिभेवर आणि हातावर हुकूम चालत नाही हे त्यातून दिसलंच, पण या रीतींमुळे श्रद्धा कमी झाली असंही कुणी दाखवून दिलेलं नाही. शिवाय ‘शुद्ध’ नाताळ म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं तोही अनेक घरांच्या रीतींनीच बनलेला आहे. गव्हाणीचा देखावा रूढ झाला तो संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात केलेल्या देखाव्यापासून. सजवलेलं झाड जर्मन घरांतलं. इंग्लंडमध्ये ते सर्वदूर गेलं १८४८ साली झाडाभोवती जमलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यावर. जर्मन घराची रीत नाताळची परंपरा ठरते आणि नगरच्या घराची करंजी मात्र अवशेष, हा न्याय मला तरी कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. या सगळ्या घरच्या रीती बायकांच्या कष्टांवर उभ्या आहेत. आठवडाभर तळण, वाटण, साफसफाई, आणि शेवटी मध्यरात्रीच्या मिस्सेला डोळ्यांवर झोप. नोकरी करणाऱ्या बाईने कुसवारचा तयार डबा विकत आणला तर तिला परंपरा बुडवणारी म्हणण्याचा अधिकार, आयुष्यात कधी कढईजवळ न फिरकलेल्या पुरुषाला नाही. डबा आणावा, खुशाल आणावा. पण यावरून घरची रीत संपली असा निष्कर्ष निघत नाही. विकतच्या डब्यात येतं ते सगळ्यांना चालेल अशा बेताचं; एखाद्या घराचं मसाल्याचं प्रमाण, कीर्तनातली एखादी चाल, पहिलं ताट कोणाच्या दारी न्यायचं याचा क्रम, हे त्यात येत नाही. उत्तर कष्टांच्या वाटणीत आहे, रीत सोडण्यात नाही. कलकलं वळायला कुणा एकीनेच बसावं असा नियम कोणत्याही चर्चने केलेला नाही.

तेव्हा पुरवण्यांच्या संपादकांना एक विनंती आहे. यंदा प्लम केकची कृती वगळा. ती सगळ्यांकडे आहे. त्या जागेत वसईतल्या, नगरमधल्या, मडगावच्या आणि मुंबईच्या माथारपाखाडीतल्या एकेका घराचा नाताळ छापा, त्यांच्या बोलीत, त्यांच्या मापांसह. आणि वाचकहो, तुमच्या घरी मसाल्याचं किंवा दोदोलचं प्रमाण एकाच वडीलधाऱ्या बाईच्या डोक्यात असेल, तर वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसा. पुढच्या वर्षी नको, याच सुट्टीत.