वही मोठ्याने वाचा

भातकापणी आटोपल्यावर मी कर्जत-खालापूर भागातल्या बचत गटांच्या बैठका पाहायला गेले होते. कर्जतजवळच्या एका ठाकूरवाडीत शाळेच्या ओट्यावर बाराजणी बसल्या होत्या. मधोमध पत्र्याची पेटी. एकेक बाई पैसे ठेवी. आठवीतली एक मुलगी ते वहीत मांडी आणि लगेच मोठ्याने वाचून दाखवी.

"दर वेळी एवढे वाचायचे कशाला?" मी विचारले.

एक आजी हसून म्हणाली, "बाय, आमाला वाचता नाय येत. पन ऐकू येतंय ना!"

माझी मान खाली गेली. आमच्या गटात मी शिकलेली. पण दोन वर्षे न वाचताच सह्या केल्या. हिशेब जुळेना, तेव्हा चूक कुणाची हे कळेना. गट मोडला.

नाबार्डने १९९२ साली गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. त्यात जमीन तारण मागत नाहीत. दहा ते वीसजणींची नियमित बचत, वेळेवर परतफेड आणि चोख वही, हीच गटाची पत. आणि पावसाळ्यात कणगी रिकामी झाली, की या पेटीचाच आधार. नाहीतर वीटभट्टीवाल्याची उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर भट्टीवर राबून ती फेडायची!

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढे करा: प्रत्येकीचे नाव, बचत आणि कर्ज मोठ्याने वाचा. नव्या गटात मीही आता तेच करते.