समोरचा उजेड

अंधाराचे भय घालविण्यासाठी आम्ही लहानपणी रामरक्षा पाठ केली होती. परंतु पन्नाशी उलटल्यावर उजेडाचे भय वाटू लागेल, आणि त्यावर कोणतेच स्तोत्र चालणार नाही, हे आम्हांस त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. हल्ली रात्री मोटार हाकण्याचा प्रसंग आला की आमची छाती धडधडू लागते. याचे कारण रस्त्यातले खड्डे नव्हेत. त्यांचा आमचा परिचय जुना आहे. कारण आहे ते समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचे.

आमच्या तरुणपणी मोटारीचा दिवा पिवळसर असे. पुष्कळ गाड्यांच्या दिव्यांवर वरच्या अंगाला काळा रंग फासलेला असे, आणि रात्री दिवे खाली करावेत अशी विनंती मालमोटारी आपल्या पाठीवर मिरवीत. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत पुढचे दिवे पिवळे असणे कायद्यानेच सक्तीचे होते. हल्लीच्या एलईडी दिव्याचे कुळ निराळे. निळ्या प्रकाशावर पिवळ्या लेपाचा संस्कार करून त्याचा पांढरा उजेड बनवितात. तो निळा दिवा सिद्ध करणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या त्रयीस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ही पदार्थविज्ञानाचे अध्यापक; त्यामुळे या शोधाची थोरवी वर्गात मोठ्या उत्साहाने गातो. मात्र रस्त्यावर तोच शोध समोरून अंगावर आला म्हणजे आमच्या तोंडून जे शब्द निघतात, ते वर्गात उच्चारण्याजोगे नसतात.

दोष सर्वस्वी दिव्याचा नाही. आमच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे, असे नेत्रवैद्यांनी गेल्या वर्षी सांगितले. वयाबरोबर डोळ्यातले भिंग गढूळ होते. मग त्यात शिरलेला प्रकाश विखुरतो आणि दृष्टीपुढे धुक्याचा पडदा उभा राहतो. समोरची गाडी निघून गेली तरी तो पडदा लगेच उठत नाही. तरुणाच्या डोळ्यांहून आमच्या डोळ्यांस सावरावयास अधिक वेळ लागतो.

गेल्या माघात कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून आम्ही उभयता पुण्यास परत निघालो. पुतण्याने मोठ्या प्रेमाने गाडीच्या मागच्या भागात ज्वारीची दोन पोती, भुईमुगाच्या शेंगा आणि गुळाच्या चार ढेपा कोंबल्या होत्या. निघेपर्यंत अंधार पडला. रस्ता अरुंद, मध्ये दुभाजक नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी आपले दिवे आमच्यावर रोखी, क्षणभर मिटी आणि पुन्हा रोखी.

“अहो, आज सगळेच आपल्याकडे पाहून डोळे का मिचकावतात?” आमच्या कुटुंबाने विचारले.

“शिष्टाचार उरला नाही, दुसरे काय!” आम्ही म्हणालो, आणि नागरिक कर्तव्यांवर एक छोटेसे व्याख्यानही दिले.

व्याख्यान संपण्यापूर्वीच एक उंच गाडी लखलखाट करीत अंगावर आली. आम्हांस रस्ता दिसेना, कडेची बाभळ दिसेना; उरला तो नुसता पांढरा शून्याकार. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे तीन सेकंदांत ५० मीटर. हे गणित आम्ही शेकडो मुलांकडून सोडवून घेतले आहे. त्या रात्री मात्र त्याच्या उत्तरातून आम्ही स्वतः चाललो होतो. पडदा विरला तेव्हा पुढ्यात उसाने लादलेली बैलगाडी होती. तिच्या मागे ना कंदील, ना लाल काच. ब्रेकवर सर्व भार टाकला, तेव्हा उसाच्या वाढ्यांपासून हातभर अंतरावर आमची गाडी थांबली.

गाडीवान खाली उतरला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. ढिगावर त्याची बायको लहान मुलाला पोटाशी धरून बसलेली. “दिसलं न्हाई का, सायेब?” एवढेच तो म्हणाला. आम्हांस उत्तर देता आले नाही.

पुढच्या चहाच्या टपरीवर मात्र वाचा फुटली. कपाला हात थरथरत होते, तरी हल्लीच्या चालकांच्या बेमुर्वतपणाचा आम्ही तेथे जाहीर निषेध केला. बाकावरच्या एका मालमोटारवाल्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “रागावू नका सायेब, पन तुमच्याच गाडीचं नाक वर झालंय. मागं वझं लई हाय न्हवं? तुमची लाईट पार लिंबाच्या शेंड्याला लागलीया. समोरची मान्सं तुम्हाला तेच सांगत व्हती.”

आम्ही वळून पाहिले. दिवे चालूच राहिले होते, आणि समोरच्या लिंबाच्या फांद्या दिवसासारख्या उजळल्या होत्या.

दिवा एक अंशाने वर कलला, तर ५० मीटरांवर त्याचा झोत सुमारे ८७ सेंटिमीटर वर चढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडीपासून ८ मीटरांवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिव्याने दिपता कामा नये. पहिली गोष्ट आम्ही शिकवितो, दुसरी दुसऱ्यांस ऐकवितो. दोन्हींचा आमच्या पोत्यांशी संबंध असेल, हे मनातही आले नव्हते. त्या उंच गाडीने कदाचित रागाने आमचेच आम्हांस परत केले असेल. आणि तिच्या चालकापुढेही क्षणभर पांढरा शून्याकार उभा राहिला असेल. त्याच्या वाटेत कोण होते, हे आम्हांस कधीच कळणार नाही.

मालमोटारवाल्याने सुकाणूच्या चक्राखाली हात घालून एक बारीक चाक फिरविले. सहा वर्षे ते तेथे होते. त्याचा उपयोग आम्ही कधी विचारला नव्हता. झोत हळूहळू फांद्यांवरून उतरला, खोडावर आला आणि रस्त्यावर पडला.

तेथून पुण्यापर्यंत आमच्याकडे पाहून कोणी डोळे मिचकावले नाहीत. समोरचे दिवे होते तसेच प्रखर होते, आणि आमचे डोळे होते तसेच अधू. मात्र आम्ही गाडी सावकाश हाकली, आणि व्याख्यान दिले नाही.