खोबणीला काम हवं

जुन्या सागवानातले खिळे उपटता येतात, चुना खरवडता येतो, वाळवी लागलेला भाग कापून टाकता येतो. वखारीतून पाडापाडीचं लाकूड आणणारा कुठलाही सुतार हे करतो. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. अडतं ते खोबणीपाशी. पाडलेल्या वाड्याची तुळई हाती येते तेव्हा तिच्या अंगावर दुसऱ्या कुणीतरी पाडलेली भोकं आणि खाचा असतात. खालच्या अंगाला खांबाच्या टोकाचं कुसू बसायचं ती खोबण, वरच्या अंगाला कडीपाटाच्या कड्या टेकायच्या त्या खाचा. वाडा उभा होता तोवर त्या प्रत्येकीला काम होतं. आता खांबही नाही आणि कड्याही नाहीत, भोक तेवढं उरलं आहे. ते बुजवायचं, मिरवायचं की कापून टाकायचं, या एका प्रश्नाभोवती माझं बहुतेक काम फिरत आलं आहे. उत्तर हातात होतं, म्हणून ते शब्दांत मांडायची गरज पडली नव्हती. आता नजर पूर्वीइतकी बारीक राहिलेली नाही, पटाशी बहुतेक वेळा हाताखालच्या मुलांच्या हातात असते, आणि मुलं कारण विचारतात. विचारायलाच हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: जुन्या खुणेनं नव्या वस्तूत काम केलं, तरच तिला तिथे राहायचा हक्क आहे. काम देता येत नसेल तर ती कितीही देखणी असो, तिच्यावर करवत चालवावी.

अशा तुळईतून एक बाक करायचं आहे असं धरू. माणूस बसला की बाक मधोमध वाकतं. वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. खांबाची खोबण नेमकी मध्यावर आणि खालच्या अंगाला आली, तर ताण घेणारे तंतू जिथे सर्वांत जास्त हवेत तिथेच तुटलेले असतात. वाड्यात ती जागा खांबाच्या डोक्यावर होती, तुळई दोन्हीकडे पुढे गेलेली होती, त्यामुळे तिथलं खालचं अंग दाबातच असायचं आणि भोक खपून जायचं. बाकात तीच जागा सर्वांत घातक. तुकडा उलटा केला, खोबण वर घेतली आणि तिच्यात सागाचाच गुटका रेषेला रेष जुळवून घट्ट बसवला, तर तो गुटका खरोखर दाब घेतो. खालच्या अंगाला ठोकलेला तसलाच गुटका काहीही घेत नाही, कारण दाब झेलायला घट्ट टेकलेलं लाकूड पुरतं, ताण झेलायला अखंड तंतू लागतो. सर्वांत उत्तम म्हणजे तुकडा असा कापायचा की खोबण बाकाच्या टोकाजवळ, पायाच्या डोक्यावर येईल आणि पायाचं कुसू तिच्यातच बसेल. मग ती खोबण वाड्यात जे करत होती तेच पुन्हा करते. पण इथूनच खरी कटकट सुरू होते. जुनी खोबण गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. वजनानं तिची एक कड चेपलेली असते, तळ एका बाजूला खोल गेलेला असतो, आतल्या भिंती सरळ राहिलेल्या नसतात. नवशिक्याचा हात पहिल्यांदा खोबण सरळ करायला जातो. प्रत्येक तासणीबरोबर ती मोठी होत जाते आणि शेवटी तिच्यात काहीच घट्ट बसत नाही. खोबणीला हात न लावता कुसू तिच्यासारखं वाकडं करायचं, टोकाला चीर देऊन तिच्यात छोटी पाचर धरायची, आणि ठोकताना ती पाचर तळाशी टेकून कुसू आतल्या आत फुलेल असं मापात बसवायचं, हे काम आहे. एका बाकाला चार पाय असतील तर चार वेगळी कुसवं करावी लागतात, आणि त्यातलं एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

हे जमलं तरी एक अडचण उरते, आणि ती कसबानं सुटत नाही. बाकाचे पाय कुठे हवेत हे माणसाचं शरीर सांगतं: बैठकीची उंची सोळा ते अठरा इंच, दोन पायांमधलं अंतर बसणाऱ्यांच्या संख्येवर. खोबणी कुठे आहेत हे मात्र घराच्या खणांनी कधीच ठरवून टाकलेलं असतं. एक माप शरीराचं आणि दुसरं घराचं. दोन्ही जुळतील याची काही खात्री नसते. जुळलं तर अशी प्रमाणं हाती येतात जी कोऱ्या कागदावर मला सुचली नसती: एक टोक पायापुढे जास्त निघालेलं, दुसरं कमी, आणि तरीही वजनाला पक्कं. बहुतेक वेळा जुळत नाही. मग नऊ फुटांच्या तुळईतून एक पाच फुटी आणि एक तीन फुटी तुकडा निघतो आणि मधली खोबण कातरणात जाते. लाकूड घनफुटानं विकलं जातं, म्हणजे भोकाचेही पैसे लाकडाच्याच भावानं मोजलेले असतात. तरीही कापावं लागतं. भोक वाचवायचं म्हणून बाक दोन फूट लांब करणं किंवा पाय भलत्याच जागी नेणं म्हणजे बसणाऱ्यापेक्षा लाकडाला मोठं मानणं होय.

या कामात आता गर्दी वाढली आहे आणि तिच्यातले दोन पंथ मला पटत नाहीत. पहिला बुजवणाऱ्यांचा. फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरायचा, वर रंग जुळवायचा, आणि गिऱ्हाइकाला अखंड लाकूड म्हणून द्यायचं. दुसरा पंथ मिरवणाऱ्यांचा, आणि सध्या चलती त्यांचीच आहे. त्यांच्याकडे खोबणीत पारदर्शक राळ ओततात आणि आत दिवा लावतात. जुनं लाकूड मेलेलं असतं, हलत नाही, असा त्यांचा समज असतो. लाकूड शंभर वर्षांनीही हवेतली ओल घेतं आणि सोडतं. साग त्यातल्या त्यात शांत, पण ओल्याचा पूर्ण कोरडा होईपर्यंत तोही वलयांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसतो. वर्षभराच्या हवेत यातला थोडाच भाग घडतो, पण घडतो. म्हणूनच गुटका बसवताना वलयांची दिशासुद्धा जुळवायची. राळ लाकडाबरोबर फुगत-आकसत नाही, आणि काही पावसाळ्यांनंतर तिच्या कडेनं चीर दिसते. वाड्याचा दरवाजा आडवा घालून त्यावर काच ठेवलेलं जेवणाचं टेबल हेही याच पंथाचं. दरवाजा उभा राहायला केलेला असतो; वजन त्याची चौकट घेते, मधल्या फळ्या खाचेत सैल ठेवलेल्या असतात, म्हणजे त्यांना फुगायला जागा राहते. आडवा केला की त्याच फळ्यांवर ताटवाट्यांचं वजन येतं, ते त्यांना पेलत नाही, म्हणून काच लागते. टेबलाचं सगळं काम काच करते, दरवाजा खाली चित्रासारखा पडून राहतो. जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिरानं भेगाळलेल्या फळ्यांमध्ये फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी चाव्या बसवल्या. त्याची चावी भेगेवर आडवी बसते आणि ती पुढे पसरू देत नाही. आज तीच चावी भेग नसलेल्या फळीवर शोभेसाठी जडवलेली दिसते. आकार तोच, काम गेलेलं. ऱ्हास म्हणतात तो मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आठवण जपणं हेही कामच आहे. खोबण पाहून कुणाला आजोळचा वाडा आठवत असेल तर ती वाया कशी गेली? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण आठवणीला संदर्भ लागतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभे केले आहेत. तिथे खांब खांबाच्या जागी आहे, म्हणून तो त्या घराबद्दल काही सांगू शकतो, आणि तिथल्या लाकडाला रंधा लावायचा अधिकार कुणालाही नाही. माझ्याकडे येणारी तुळई कोणत्या आळीतली, कोणत्या माडीखालची हे बहुधा वखारवाल्यालाही माहीत नसतं. अशा लाकडातली एकटी खोबण वाड्याची आठवण देत नाही, जुनेपणाचा भास तेवढा देते. याउलट जपानमध्ये इसेच्या देवस्थानात दर २० वर्षांनी मंदिर नव्यानं बांधतात. २०१३ साली ते ६२व्यांदा झालं. उतरवलेल्या मंदिराचे मुख्य खांब पुन्हा तासून तिथल्याच उजी पुलाच्या दोन टोकांची तोरणद्वारं होतात, आणि आणखी वीस वर्षांनी तेच खांब सेकी आणि कुवाना इथल्या तोरणद्वारांना जातात. पृष्ठभागाचं जुनेपण तिथे रंध्याखाली निघून जातं. खांबाचं वजन पेलणं मात्र पुढे चालू राहतं, आणि त्यामुळे त्याची ओळखही. जुन्या वस्तूबद्दलचा यापेक्षा मोठा आदर मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप चित्रकार-शिल्पकारांचा. कलेला उपयोगाचं माप लावू नका, असं ते म्हणतात. पण कामाचा अर्थ वजन पेलण्यापुरताच घ्यायचं कारण नाही. पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. सीट लपवलेली नाही, हँडलही लपवलेलं नाही. तरी सीट चेहऱ्याचं काम करते आणि हँडल शिंगांचं. दोन्हींतलं एक काढलं तर बैल उरत नाही. माझी कसोटी तिथेही लागते: जुना भाग काढला तर काही कोसळतं का? कोसळत असेल तर तो हक्कानं तिथे आहे, मग ते बाक असो वा शिल्प. भंगारातले गिअर आणि साखळ्या मोराच्या शिल्पावर नुसत्या चिकटवलेल्या असतील, आणि त्या काढल्या तरी मोर तसाच राहत असेल, तर तिथे भंगार फक्त सजावट आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढी यातायात कशाला, लागवडीचा नवा साग घ्या. घ्यावा, जिथे चालतो तिथे जरूर घ्यावा. पण लवकर तोडलेल्या झाडात गाभ्याचं लाकूड कमी आणि बाहेरचं पांढरं जास्त असतं, आणि सागाचा टिकाऊपणा सगळा गाभ्यात. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींतून निघतो तसा ब्रह्मदेशी साग आता मिळणं अवघड होत गेलं आहे. ब्रह्मदेशानं, म्हणजे आजच्या म्यानमारनं, २०१४ सालापासून सागाच्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. जे उतरतंय ते जवळजवळ शेवटचं. म्हणूनच त्याची नासाडी सहन होत नाही, आणि राळेत बुडवलेला तुकडा माझ्या लेखी नासाडीतच जमा आहे. याला लागूनच चौथा आक्षेप येतो आणि तो सर्वांत टोचतो: तुम्ही विकत घेता म्हणून वाडे पडतात. साध्या तुळया-खांबांपुरतं हे खरं नाही. वाडा पडतो तो जमिनीच्या भावापायी आणि एफएसआयपायी. त्या हिशोबात लाकडाची किंमत नगण्य असते. कोरीव कामाचं मात्र तसं नाही. गणेशपट्टी, महिरपी, केळफुलं, सुरूदार खांब यांना स्वतंत्र भाव आहे, आणि त्या भावापायी उभ्या घरांतूनही ती उतरवली जातात. म्हणून माझ्या कारखान्यात कोरीव तुकडा घेत नाहीत. आमच्या धंद्यात हा नियम फार थोडे पाळतात, आणि त्याबद्दल मला राग आहे.

या सगळ्यातून एक गोष्ट आपोआप निघते. मी आज जुन्या तुळईचं जे करतो, तेच उद्या माझ्या बाकाचं कुणीतरी करणार. वाड्याचा सांधा पाचर काढली की सुटतो, म्हणूनच तर ते लाकूड माझ्यापर्यंत धड पोहोचलं. मी तो सांधा गोंदानं कायमचा बांधला तर साखळी माझ्यापाशी तुटते. म्हणून आमच्याकडे सांध्यांत गोंद नाही. आत पाचर फुललेलं आंधळं, म्हणजे आरपार न जाणारं, कुसू ओढून निघत नाही, तेव्हा तिथे पाय कुसवालगत कापून उरलेलं पटाशीनं पोखरून काढावं लागेल. पण खोबण शाबूत राहील. यात निव्वळ परोपकार आहे असं मी म्हणणार नाही. पुढचा सुतार तुकडा उलटून पाहील तेव्हा त्याला दोन हातांच्या खोबणी दिसतील, एक वाड्याच्या सुताराची आणि एक आमची. त्यानं आमची दुसऱ्या नंबरची ठरवू नये, ही माझी हाव आहे. खोबणीत काम शोधण्यामागे नियम जितका आहे तितकीच ही हावही आहे: ज्याचं नाव कुणालाही माहीत नाही त्या माणसाशी बरोबरी करण्याची. तत्त्व म्हणून ती सोडून द्यावी असं कधी वाटतं, पण सोडवत नाही. जिचा तळ कुणी कधी पाहणार नाही अशी खोबणही ती मला नीट कोरायला लावते, आणि हाताखालच्या मुलांना कारणांबरोबर ही हावही लागावी असं मला मनापासून वाटतं.