राष्ट्राचें स्मारक, घराचें सुतक

आपल्याकडे कोणाच्या घरीं मृत्यु झाला म्हणजे शेजारीपाजारी धांवून येतात. बांबू, मडकें, लांकडें, सर्व कांहीं तेच आणितात. पण कोणाची वाट पाहावयाची आहे काय, अस्थि कोठें न्यावयाच्या, हें ते घरच्यांसच विचारतात. परक्यानें कितीहि कष्ट केले तरी तो निर्णय त्याचा नव्हे, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु तोच मृत्यु राष्ट्राचा झाला म्हणजे हा साधा शिष्टाचार आपण विसरतों, याचें आम्हांस नवल वाटतें.

अमृतसरच्या जालियनवाला बागेचीच गोष्ट घ्या. १३ एप्रिल १९१९ रोजीं तेथें १६५० गोळ्या झाडण्यांत आल्या. मृतांचा सरकारी आंकडा ३७९. लोकांच्या मतें तो याहून पुष्कळ मोठा. पुढल्याच वर्षीं वर्गणी जमवून ती जागा विकत घेण्यांत आली. १९५१ सालीं तिच्या व्यवस्थेसाठीं कायदा झाला आणि १९६१ सालीं स्मारकाचें उद्घाटन झालें. या कायद्यानें ठरविलेल्या विश्वस्तांत पंतप्रधान आहेत, सांस्कृतिक खात्याचे मंत्री आहेत, पंजाबचे राज्यपाल व मुख्यमंत्री आहेत, सरकारनें नेमावयाचीं तीन प्रतिष्ठित माणसें आहेत. मृतांच्या घरच्यांसाठीं राखलेली जागा मात्र एकहि नाहीं.

याचा परिणाम २०२१ च्या ऑगस्टमध्यें दिसला. बागेंत शिरावयाचा अरुंद बोळ आम्हीं त्यापूर्वीं पाहिला होता. जनरल डायरचे शिपाई याच बोळांतून आंत गेले; चिलखती मोटारी तेवढ्या अरुंदपणामुळें बाहेर राहिल्या. त्या भिंतींमधून चालतांना आमचें बोलणें आपोआप थांबलें होतें. नव्या कामांत त्या भिंतींवर माणसांच्या आकृति बसविण्यांत आल्या, विहिरीभोंवतीं कांच आली. कांहीं वंशजांनीं व इतिहासकारांनीं कडक आक्षेप घेतला. पण काम उरकून गेल्यावर. आकृति चांगल्या कीं वाईट, हा आमचा प्रश्न नव्हे. भिंतीला हात लावण्यापूर्वीं कोणाला विचारावयास हवें होतें, हा आहे.

यावर कोणी म्हणेल, शंभर वर्षांनीं आप्त ते कोण? आमचें उत्तर असें कीं, श्राद्धांत आपण तीन पिढ्यांचीं नांवें घेतों. १९१९ सालचा मृत आजच्या माणसाचा पणजोबाच लागेल. दुसरी शंका अधिक बळकट आहे: आप्तांचें तरी एकमत कोठें असतें?

तें नसतेंच. न्यूयॉर्क येथें ११ सप्टेंबर २००१ च्या मृतांचें स्मारक २०११ सालीं उघडलें. त्यावर, १९९३ च्या स्फोटांतील सहाजण धरून, २९८३ नांवें आहेत. तीं वर्णानुक्रमानें लाविलेलीं नाहींत. कोणाचें नांव कोणाशेजारीं असावें हें घरच्यांस विचारलें, तेव्हां सुमारें १२०० विनंत्या आल्या, आणि त्यांस धरून मांडणी झाली. तेथेंच २०१४ सालीं, ओळख न पटलेले अवशेष संग्रहालयाच्या जागेंत भूमीखालीं ठेवण्यांत आले. कांहीं कुटुंबांना तें मान्य होतें. कांहींजण तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून उभे राहिले. आपणां सर्वांचें मत घेतलेंच नाहीं, ही त्यांची तक्रार होती. एकाच जागीं या दोन गोष्टी घडल्या. विचारल्यानें सर्वांचें समाधान होतें असें नव्हे. परंतु मतभेद सोसतां येतो, वगळलें गेल्याचा सल जात नाहीं.

अशा स्थळांवर राष्ट्राचा हक्क आहे, आणि शेवटचा शब्दहि कदाचित् त्याचाच राहील. आमचें मागणें पहिल्या प्रश्नापुरतें आहे. तो त्या घरांत जाऊन विचारला जावा. जालियनवाला बागेचा कायदा २०१९ सालीं एका पक्षाध्यक्षाची जागा काढून टाकण्यासाठीं बदलतां आला. वंशजांना एक जागा देण्यासाठीं तो पुन्हां बदलणें कठीण नसावें.