यादीतील शेवटचे नाव

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची वर्षवार नामावली तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही इतिहासाचे शिक्षक; संगणक कक्षातील लिनक्सशी आमचा परिचय जुजबीच. एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस पाइप शिकविला. दोन आज्ञांमध्ये उभी रेघ दिली की पहिलीचा मजकूर थेट दुसरीकडे जातो. कल्पना डग मॅकिलरॉय यांची; १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये आणली.

नावांना अनुक्रमांक देणारी शेल स्क्रिप्ट लिहून आम्ही ‘कॅट’ आज्ञेने यादी तिच्याकडे पाठविली. पडद्यावर उमटला केवळ ‘१’. पुढे रिकामी जागा. विद्यार्थी म्हणाला, “सर, तुम्ही नाव ‘डॉलर-एक’मध्ये शोधताय. तिथं स्क्रिप्टच्या नावापुढं टाइप केलेला शब्द येतो. पाइपमधला मजकूर स्टँडर्ड इनपुटवर येतो. तो ‘रीड’नं वाचून घ्यावा लागतो.” मग ‘व्हाइल रीड’ लिहिले आणि एकेक नाव क्रमांकासह येऊ लागले.

ओळी मोजणाऱ्या आज्ञेनेही ताळा जुळविला. तरीही जुन्या सवयीने आम्ही मूळ हजेरीपट उघडला. एका वर्षाचे शेवटचे नाव गळाले होते!

शेवटच्या नावानंतर आम्ही एंटर दाबले नव्हते. ‘रीड’ तशी ओळ वाचते, परंतु ओळ संपल्याची खूण न मिळाल्याने अपयश कळविते, आणि आवर्तन तेथेच थांबते. मोजणारी आज्ञाही त्याच खुणा मोजते. म्हणून दोघींची चूक एकमेकींशी जुळली. ‘वाचन अपयशी ठरले तरी ओळ रिकामी नसल्यास काम चालू ठेव’ एवढी अट घालताच नाव परतले.

ते नाव होते ऊसतोड मजुराच्या मुलाचे. हंगामात आईवडिलांसोबत आलेला तो मुलगा वर्षाच्या मध्यास दाखल झाला, म्हणून पटावर शेवटी. याच कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, तेव्हा कोठे आमच्या समाजातील मुलांना शहरात राहून शिकण्याची सोय झाली. पटावर नाव लागण्यासच ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांतील एक नाव आमच्या हातून, यंत्राने चकार शब्द न काढता, पुसले जात होते.

आता यादी पाठविताना आम्ही पहिले नाव पाहत नाही; शेवटचे पाहतो.